पुण्यातल्या खोलीतून सेकंड लाइफवर लाइव्ह मैफल: सगळं कसं जमवायचं

सेकंड लाइफवर आपण एक मराठी कार्यक्रम करूया असं कोणी म्हटलं की पहिली चर्चा सुरू होते ती स्टेजची. कमान कशी करायची, समया कुठे ठेवायच्या, मागे शनिवारवाडा दाखवायचा का पर्वती. मग महिनाभर तेच चालतं आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या रात्री गायकाचा आवाज फाटलेला येतो, नवीन आलेल्या माणसाला कोणी या-बसा म्हणत नाही, तो दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि निघून जातो, परत कधी येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की क्रम बरोब्बर उलटा पाहिजे: आधी माणसं, मग आवाज, आणि स्टेज सगळ्यात शेवटी. लेख पण त्याच क्रमाने लिहिलाय.

ज्यांना हे जग नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सेकंड लाइफ हे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबने २००३ मध्ये सुरू केलेलं आभासी जग, तुम्ही अवतार घेऊन फिरता, जमीन भाड्याने घेता, घरं बांधता, आणि तिथे लोक खरोखर लाइव्ह गातात. २००६ मध्ये सुझान वेगासारखी नावाजलेली गायिका तिथे येऊन गायली होती. फोर्टनाइट या गेममधल्या रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या २०२० च्या शोबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, एका वेळी १ कोटी २३ लाख लोक होते म्हणून त्याची बातमी झाली, पण ते लोक एकाच मैदानात नव्हते, छोट्या छोट्या गटांना त्याच शोची आपापली प्रत दिसत होती आणि शो आधीच तयार केलेला होता. आपल्याला जे करायचंय ते वेगळं आहे. कोथरूडच्या खोलीत बसून कोणीतरी आत्ता गातंय आणि न्यू जर्सीतली मावशी आत्ता "वा" टाइप करतीये. सेकंड लाइफमध्ये एक रीजन म्हणजे २५६ बाय २५६ मीटरचा तुकडा, पूर्ण रीजनमध्ये जास्तीत जास्त १०० अवतार मावतात आणि होमस्टेड नावाच्या स्वस्त रीजनमध्ये फक्त २०. त्यातही १०० भरले की सगळ्यांचे लॅपटॉप रडकुंडीला येतात, त्यामुळे ३०-४० श्रोते म्हणजे हाउसफुल्ल समजा. डोळ्यासमोर गणेश कला क्रीडासारखं भलंमोठं सभागृह नको, सुदर्शनसारखा छोटा रंगमंच ठेवा, म्हणजे पुढचे सगळे निर्णय बरोबर होतात.

वेळ ठरवताना पहिला घोळ होतो

सेकंड लाइफचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं, त्याला सगळे एसएलटी म्हणतात. आपल्याकडे घड्याळ वर्षभर तेच असतं पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, म्हणून उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे पुण्यात शनिवारी रात्री साडेनऊचा कार्यक्रम (नाटकाची वेळ, आपल्या अंगवळणी पडलेली) हा जुलैत एसएलटी सकाळी ९ ला येतो आणि जानेवारीत ८ ला. न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे १२ किंवा सकाळचे ११ असतात, लंडनला संध्याकाळचे ५ किंवा ४. पोस्टरवर पुण्याची वेळ, एसएलटी, न्यू जर्सी आणि लंडन अशा चारही वेळा लिहा, तारखेसकट, लोकांना वजाबाकी करायला लावू नका.

माझ्या मते या माध्यमासाठी जन्माला आलेला कार्यक्रम म्हणजे दिवाळी पहाट. आपल्याकडे पहाटे साडेपाचला गायक बसला की न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ८ वाजलेले असतात, नाहीतर काटे मागे गेले असतील तर ७, आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे ५ किंवा ४. इकडे उटणं-आंघोळ करून माणसं ऐकतायत, तिकडे ऑफिसातून आलेली माणसं ऐकतायत, या दोन्हीकडे कोणालाच रात्रीचं जागरण नाही. फक्त दिवाळी कधी काट्यांच्या अलीकडे पडते कधी पलीकडे, त्या वर्षीचं कॅलेंडर बघूनच वेळ छापा.

आणि वार बघा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुण्यात कोणाला सांगायला नको, संध्याकाळी येईल म्हणतात आणि कधी रात्र होते, म्हणून निदान गुरुवारी रंगीत तालीमसुद्धा ठेवू नका.

माणसं: तीन तरी हवीत, आणि गायक त्यात धरायचा नाही

एक निवेदक. एक आवाजाकडे बघणारा, जो स्वतः श्रोत्यांत बसून ऐकतो आणि काही बिघडलं तर गायकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो. आणि एक दारावरचा माणूस, किंवा ताई, ज्याचं काम फक्त आणि फक्त आलेल्यांचं बघणं. हे तिसरं काम सगळ्यात कमी लेखलं जातं आणि माझ्या लेखी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण या जगात नवीन माणूस अक्षरशः आंधळा-बहिरा होऊन येतो. त्याला अजून चित्रं दिसत नसतात, सगळे राखाडी दिसतात, आवाज चालू कसा करायचा माहीत नसतं, चुकून उडायला लागतो आणि लाजून लॉगआउट करतो.

एक उदाहरण देतो. समजा एक काका आलेत, सत्तरीचे, मुलाने अकाउंट काढून दिलंय. दारावरच्या माणसाने त्यांना जाहीर चॅटमध्ये नाही तर खासगी मेसेजमध्ये लिहायचं: "नमस्कार काका, या. गाणं ऐकू येतंय का?" काका लिहितात, नाही. "स्क्रीनवर वर उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह आहे, त्याच्या शेजारी प्लेचं बटण आहे, ते एकदा दाबा." मिनिटभर शांतता. मग काका लिहितात, हो आलं आलं. "छान. आता समोरच्या सतरंजीवर राइट क्लिक करून सिट हियर म्हणा, म्हणजे बसाल." झालं, काका बसले, आता ते तासभर हलणार नाहीत आणि पुढच्या वेळी स्वतःच्या मित्राला घेऊन येतील. ही चार वाक्यं आधीच नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवा, एकाच वेळी पाच जण आले की प्रत्येकाला नव्याने टाइप करणं होत नाही.

चॅटबद्दल दोन गोष्टी. जाहीर चॅट फक्त २० मीटरपर्यंत दिसतं, शाऊट केलं तर १०० मीटर. म्हणजे तुम्ही जर भलंमोठं मैदान केलंत तर मागच्या रांगेतल्याची दाद पुढच्याला दिसतच नाही, आणि दाद दिसत नसेल तर मैफल कसली. सगळे २० मीटरच्या आत बसतील अशीच बैठक करा. दुसरं म्हणजे एका मेसेजची मर्यादा साधारण हजार बाइट्सची असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट्स खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे इंग्रजीत हजार अक्षरं मावतात तिथे आपली ३४० च्या आसपासच मावतात. गायकाची ओळख लांबलचक असेल तर तुकडे पाडून ठेवा. जोडाक्षरं स्क्रीनवर नीट दिसतायत का हे पण तालमीत बघून घ्या, दिसत नसतील तर त्या दिवशी सरळ रोमनमध्ये लिहा, कोणी काही म्हणत नाही.

आवाज: सगळा वेळ इथे घाला

आवाज जातो कसा ते आधी समजून घेऊ. गायकाच्या माइकमधून ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा छोटा डबा), तिथून लॅपटॉप, लॅपटॉपवरचं ब्रॉडकास्टचं सॉफ्टवेअर तो एमपीथ्री करून एका स्ट्रीम सर्व्हरला पाठवतं (शाउटकास्ट किंवा आइसकास्ट), आणि सेकंड लाइफमधल्या जमिनीच्या सेटिंगमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता टाकलेला असतो. प्रत्येक श्रोत्याचा कॉम्प्युटर तो पत्ता उघडून स्वतंत्रपणे ऐकतो. म्हणजे गाणं सेकंड लाइफच्या आतून जातच नाही, शेजारून जातं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी गडबड सुटते, कारण रीजन अडखळत असलं तरी गाणं सुरळीत चालू शकतं आणि उलटही होऊ शकतं, मग बिघाड कुठे शोधायचा ते कळतं.

स्ट्रीम सर्व्हर महिन्याच्या भाड्याने मिळतो, सेकंड लाइफच्या आतच विकणारे आहेत. घेताना श्रोत्यांची मर्यादा किती ते नक्की विचारा. ५० चा प्लॅन घेतलात आणि ५१ वा आला तर त्याला नुसती शांतता ऐकू येते आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

सॉफ्टवेअरमध्ये फुकट आणि साधं म्हणजे ब्रॉडकास्ट युझिंग धिस टूल, सगळे बट म्हणतात. त्यात सर्व्हरचा प्रकार, पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड भरायचा, एमपीथ्री, १२८ केबीपीएस, ४४१०० हर्ट्झ ठेवायचं आणि प्लेचं बटण दाबायचं, एवढंच. मध्ये मध्ये रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवायचे असतील तर मिक्स (Mixxx) हे डीजेंचं फुकट सॉफ्टवेअर बघा. १२८ केबीपीएस म्हणजे तासाला जेमतेम ५८ एमबी डेटा, त्यामुळे तुमचं नेट किती वेगवान आहे याला फार महत्त्व नाही, ते सलग चालतंय का याला आहे. वायफाय नको, राउटरपासून केबल टाका, घरभर दिसली तरी चालेल. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि फायबरचा जो दुसरा डबा भिंतीवर असतो त्यालाही लावा, लोक राउटर चालू ठेवतात आणि हा डबा विसरतात. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, तासाला ५८ एमबी कोणत्याही पॅकमध्ये बसतं. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की काय होतं ते माहितीच आहे.

माइकच्या बाबतीत लोक महागडा कंडेन्सर घेऊन येतात. स्टुडिओत ठीक आहे. पण आपल्या घरात तो कुकरची शिट्टी, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्यांची सीरियल सगळं प्रेमाने टिपतो. घरून गाताना शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक बरा, तोंडापासून चार बोटांवर धरायचा, आजूबाजूचं फार घेत नाही. पेटी असेल तर तिला दुसरा माइक, साधारण फूटभर लांब, भात्याच्या बाजूला नको कारण भात्याची हवा ऐकू येते. तबला असेल तर डग्ग्याचं बघा, त्याची घुमार पहिल्यांदा फाटते, लेव्हल त्याच्यावरूनच ठरवा. तानपुऱ्याचं अ‍ॅप मोबाइलवर लावून मोबाइल शेजारी ठेवायची पद्धत आहे ती सोडा, मोबाइलमधून केबलने थेट इंटरफेसच्या मोकळ्या इनपुटमध्ये घ्या, तानपुरा स्वच्छ येतो आणि हवा तेवढाच येतो. माइक-तानपुरा मिळून इनपुट दोनच्या वर गेले तर छोटा मिक्सर लागेल. मीटरचा काटा जोरातल्या जोरात सुद्धा उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. पंखा बंद. लॅपटॉपची नोटिफिकेशन बंद, नाहीतर ती टिंगटिंग थेट अमेरिकेत जाते.

तपासायचं कसं? दुसऱ्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर, स्ट्रीमचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडायचा, दुसऱ्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि इअरफोनने दहा मिनिटं ऐकायचं. गाणाऱ्याच्या लॅपटॉपवर मात्र सेकंड लाइफमधलं संगीत बंदच ठेवायचं, नाहीतर स्वतःचाच आवाज उशिराने कानात पडतो आणि भलाभला गायक लयीतून सुटतो.

उशीर, आणि निवेदन का हवंच

हा जो उशीर आहे तो या माध्यमाचा स्वभाव आहे. गायकाने गायलेली ओळ श्रोत्याला १० ते ३० सेकंदांनी ऐकू येते, प्रत्येकाला थोडी वेगवेगळ्या वेळी. गाणं संपतं, गायक थांबतो, स्क्रीनवर काहीच नाही. सुन्न शांतता. नवीन गायकाला वाटतं आवडलं नाही, तो घाईने पुढचं गाणं सुरू करतो, आणि मुखडा म्हणत असताना चॅटमध्ये मागच्या गाण्याच्या टाळ्या धोधो येतात. दोघांचाही विरस.

याच्यावर उपाय आपल्याकडे तयारच आहे. भावगीतांच्या कार्यक्रमात दोन गाण्यांमध्ये निवेदक बोलतो ना, तेच करायचं. गाणं संपलं की गायकानेच किंवा शेजारी बसलेल्या निवेदकाने मिनिटभर बोलायचं, पुढच्या गाण्याचा कवी कोण, राग कुठला, तेवढ्यात दाद येऊन पोचते, मग ती वाचून दाखवायची, नावं घ्यायची: "डब्लिनहून ताई म्हणतायत पुन्हा एकदा होऊ द्या." स्वतःचं नाव त्या आवाजात ऐकलं की माणूस कायमचा आपला होतो. परदेशातले लोक इथे सलग गाणी गातात आणि मध्ये दोन शब्द बोलतात, आपली निवेदनाची पद्धत या उशिराला जास्त चपखल बसते असं मला मनापासून वाटतं. निवेदक मात्र गायकाच्याच खोलीत, त्याच मिक्सरवर हवा. निवेदक नाशिकला आणि गायक पुण्यात असेल तर स्ट्रीमची अदलाबदल करावी लागते आणि मध्ये खड्डा पडतो. तेच जुगलबंदीचं, दोन शहरांतून एका तालात वाजवणं या स्ट्रीमवर होत नाही, त्याच्या नादी लागू नका.

अभिवाचन, काव्यवाचन, गप्पा असं काही असेल तर स्ट्रीम न वापरता सेकंड लाइफचा व्हॉइस वापरा, त्यात उशीर अगदी किरकोळ असतो, चार जण चार शहरांतून एकांकिका वाचू शकतात. अट एकच, प्रत्येकाने हेडफोन लावायचा, एकाने जरी स्पीकर चालू ठेवला तरी सगळ्यांना प्रतिध्वनी येतो. व्हॉइसमध्ये आवाज अंतराप्रमाणे कमी होतो, तेव्हा वाचणारे मध्ये आणि ऐकणारे गोल बसवा. संगीताला मात्र व्हॉइस नको, तो बोलण्यासाठी केलेला असतो, तानपुरा त्यात मरतो.

जमीन आणि सेटिंग

पहिल्या कार्यक्रमाला जमीन विकत-भाड्याने घेऊ नका, ओळखीच्या कोणाची जागा मागा. एकच गोष्ट आधी बघा, त्या रीजनवर शेजारी कोण आहे. अवतारांची मर्यादा पूर्ण रीजनची असते, तुमच्या तुकड्याची नाही, शेजारी डान्स क्लब असेल आणि शनिवारी तो भरला तर तुमच्या पाहुण्यांना दारातूनच परत जावं लागेल.

जमिनीच्या सेटिंगमध्ये साउंड टॅबमध्ये स्ट्रीमचा पत्ता टाकायचा. तिथेच आवाज या तुकड्यापुरते मर्यादित ठेवायचा पर्याय आहे तो चालू करा, आणि अवतारांचे आवाज फक्त ग्रुपला ठेवा, म्हणजे कोणी टाळ्यांचा कर्कश जेश्चर (अवताराची आवाजासकटची तयार हालचाल) सतत वाजवत बसणार नाही. बाहेरच्यांसाठी बांधकाम, वस्तू आत आणणं आणि स्क्रिप्ट चालवणं बंद करा. लँडिंग पॉइंट, म्हणजे आलेला माणूस जिथे उतरतो ती जागा, बैठकीच्या मागे, तोंड स्टेजकडे असा ठेवा. स्वतःचा ग्रुप काढा, १०० लिंडेन डॉलर (सेकंड लाइफचं चलन) लागतात, आणि दारावरच्या माणसाला त्या ग्रुपमध्ये लोकांना बाहेर काढायचा आणि बॅन करायचा अधिकार देऊन ठेवा. त्रास द्यायला कोणी ना कोणी येतंच. त्याच्याशी वाद घालायचा नाही, समजूतही घालायची नाही, काढायचं आणि गाणं चालू ठेवायचं. रेटिंग जनरल असलेली जागाच निवडा, आपले श्रोते घरात मुलाबाळांसमोर ऐकतात.

स्टेज? एक बैठक, दोन समया, मागे एक पडदा. पुरे. जास्त वस्तू म्हणजे जास्त लॅग, सगळं अडखळायला लागतं. इस्टेट मालक (रीजन ज्याचं आहे तो) ओळखीचा असेल तर कार्यक्रमाच्या तासभर आधी रीजन रीस्टार्ट करायला सांगा. आणि निमंत्रणातच लिहा की जड दागिने-केसांचे अवतार टाळा, व्ह्यूअरमध्ये (ज्या सॉफ्टवेअरने सेकंड लाइफ उघडतो ते) सावल्या बंद आणि ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसावं ते, ६४ मीटर ठेवा.

हक्क आणि पैसे

रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची तर परवानगी लागते, आभासी जग आहे म्हणून कायदा आभासी होत नाही. भारतात गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून परवाना घेतात. ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्यांना अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असू शकते, हा फरक गायकांना सांगावा लागतो. पारंपरिक चाली, बंदिशी आणि स्वतःच्या रचना यांच्यावर पहिला कार्यक्रम सहज उभा राहतो. नाटक-एकांकिका वाचणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन, जसं नाट्यगृहात करतो तसंच.

तिकीट लावू नका, टिप जार ठेवा, म्हणजे श्रोते खुशीने पैसे टाकतात ती बरणी. साधारण अडीचशे लिंडेन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलरच्या आसपास, तेव्हा जारमध्ये पाच हजार जमले म्हणजे श्रीमंत झालो असं गायकाला वाटू देऊ नका, हिशोब रुपयांत आधीच समजावून सांगा. जार गायक आणि आयोजक यांच्यात वाटणी करणारा असेल तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी मागतो, ती फक्त खात्रीच्या विक्रेत्याच्या जारला द्या. गायकाचं मानधन मात्र रुपयांत, आधी ठरवून. जारमधलं वरचं.

त्या दिवशी आणि नंतर

एक दिवस आधी त्याच वेळेला, त्याच खोलीत, त्याच केबलवर पूर्ण तालीम. त्या दिवशी दीड तास आधी आवाजाचा माणूस आत येतो, तासभर आधी रीस्टार्ट, अर्धा तास आधी स्ट्रीमवर नुसता तानपुरा लावून ठेवायचा. हे जरूर करा. लवकर आलेल्याला आवाज येतोय की नाही ते लगेच कळतं, दारावरच्या माणसाला एकेकाची अडचण सोडवायला वेळ मिळतो, आणि वातावरण आपोआप तयार होतं. ठरलेल्या वेळेला सुरू करा, वेगवेगळ्या देशांतली माणसं गजर लावून आलेली असतात. कार्यक्रम सव्वा तासाच्या वर नको.

बटमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे, ते चालू ठेवा, फाइल गायकाला द्या आणि त्याच्या परवानगीशिवाय कुठे टाकू नका. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचा मेसेज, पुढच्या तारखेसकट. आणि या सगळ्यांची यादी सेकंड लाइफच्या बाहेर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये किंवा ईमेलवर, त्यांना विचारून ठेवा. अशीच दुसरी आभासी जगं बंद पडली आहेत: ऑल्टस्पेस व्हीआर मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मोझिला हब्ज मे २०२४ मध्ये, दोन्हीकडे माणसांनी नेमाने कार्यक्रम भरवले होते. यादी आपल्याकडे असेल तर उद्या दुसऱ्या कुठल्या जगात सतरंजी घालावी लागली तरी पत्ता पाठवायला एक मेसेज पुरतो.